ट्रॉम्बेचा कोळसा बंद करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

दर हिवाळ्यात मुंबईची हवा बिघडते, बांधकामांना हिरवे पडदे लावायचे आदेश निघतात आणि कुणीतरी आठवण करून देतं की या शहराच्या हद्दीत, चेंबूरच्या पलीकडे खाडीकाठी, टाटांच्या ट्रॉम्बे केंद्रात आजही कोळसा जाळून वीज तयार होते. मग विचारणा सुरू होते: हे अजून चालू कसं? उत्तरं दोन टोकांची मिळतात. कुणी म्हणतं, कंपनीला पैसा सोडवत नाही. कुणी म्हणतं, बंद करून बघा, दुसऱ्या दिवशी लोकल थांबतील. दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण मधला मोठा भाग दोघंही गाळतात, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आत काय चालतं?

कोळशाची बारीक पूड करून ती हवेच्या झोताबरोबर बॉयलरमध्ये फुंकतात. बॉयलर म्हणजे दहा-पंधरा मजली उंचीची भट्टी, तिच्या भिंती पाण्याच्या नळ्यांनी बनलेल्या. नळ्यांतल्या पाण्याची वाफ होते, ती आणखी तापवून साधारण ५४० अंशांपर्यंत नेतात आणि प्रचंड दाबाने टर्बाइनच्या पात्यांवर सोडतात. टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतं, त्याच्या आसाला जोडलेला जनरेटर वीज बनवतो. काम झालेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करायचं आणि परत बॉयलरमध्ये पाठवायचं. बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटर मिळून होतो तो ‘संच’. हा शब्द पुढे सारखा येणार आहे.

वाफ थंड करायला भरपूर पाणी लागतं. म्हणून अशी केंद्रं नदीकाठी, धरणाजवळ किंवा समुद्राकाठी असतात. पाणी नसलं की काय होतं ते मराठवाड्याने पाहिलं आहे: २०१५ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. ट्रॉम्बेला ही भीती नाही, शेजारी खाडी आहे. मात्र कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम ३५ ते ४० टक्क्यांचीच वीज होते. बाकीची उष्णता खाडीच्या पाण्यात आणि चिमणीतून आकाशात जाते.

आता एक ढोबळ हिशेब. ट्रॉम्बेला लागतो तशा आयात कोळशातून एक युनिट वीज काढायला साधारण अर्धा किलो कोळसा जळतो. देशी कोळशात राखच तीस-चाळीस टक्के, त्यामुळे तो जास्त लागतो. एखाद्या कुटुंबाचा महिन्याचा वापर २०० युनिट असेल आणि ती सगळी वीज कोळशाची असेल, तर त्या घरापायी महिन्याला एक क्विंटल कोळसा जळाला. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण ताकदीने चालला तर तासाला पाच लाख युनिट देतो आणि अडीचशे टन कोळसा खातो. दिवसाला सहा हजार टन. दहा टनांचा एक ट्रक धरला तर सहाशे ट्रक. शहरात हे ट्रक दिसत नाहीत, कारण ट्रॉम्बेचा कोळसा इंडोनेशियासारख्या देशांतून समुद्रमार्गे येतो. शहरी माणसाला कोळशाचा विसर पडण्याचं हेही एक कारण आहे.

केंद्र इथे आलंच का?

मुंबईची वीज सुरुवातीला पाण्याची होती. टाटांची खोपोलीची जलविद्युत १९१५ साली सुरू झाली, मग भिवपुरी, मग भिरा. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस अडवायचा आणि कोकणाच्या बाजूला पाइपांतून खाली सोडायचा, अशी ती योजना. गिरण्या चालल्या, १९२५ पासून विजेच्या लोकलही धावू लागल्या. पण पावसाची वीज पावसाइतकीच. शहर वाढलं तशी तिला जोड हवी झाली आणि १९५६ मध्ये ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र सुरू झालं.

पहिले संच आजच्या मानाने लहान, साठ-बासष्ट मेगावॉटचे होते. मग १९८४ मध्ये आला पाच नंबरचा संच: ५०० मेगावॉटचा, आणि एवढा मोठा संच देशात पहिलाच. लोक ‘ट्रॉम्बे बंद करा’ म्हणतात तेव्हा बहुतेकदा बोलणं याच्याचबद्दल असतं. सहा नंबरचाही ५०० मेगावॉटचा, पण तेलावर आणि गॅसवर चालणारा. तो महाग पडत गेला आणि वीज देणं थांबलं. सात नंबरचा १८० मेगावॉटचा संच गॅसवर चालतो. आठ नंबरचा २५० मेगावॉटचा, पुन्हा कोळशावरचा, २००९ चा.

थोडक्यात, ‘एक केंद्र’ म्हणून आपण ज्याला नाव ठेवतो ते वेगवेगळ्या वयाच्या यंत्रांचं एकत्र कुटुंब आहे. त्यातलं कोण घरी बसलंय, कोण अजून कमावतंय, हे पाहिल्याशिवाय ‘बंद करा’ किंवा ‘चालू ठेवा’ म्हणण्यात अर्थ नाही.

संचाचं वय कसं मोजतात?

कागदावर औष्णिक संचाचं आयुष्य २५ वर्षं धरतात. हा हिशेबाचा आकडा आहे. तेवढ्यात कर्ज फिटतं, गुंतवणूक वसूल होते. धातूचं वय वेगळं. सतत तापलेल्या, दाबाखालच्या नळ्या हळूहळू ताणल्या जातात, पातळ होतात आणि कधीतरी फुटतात. नळी फुटली की संच थांबवायचा, भट्टी निवू द्यायची, आत माणसं उतरवायची, नळी बदलायची. जुन्या संचात हे वारंवार होतं. शिवाय त्याच युनिटसाठी कोळसा थोडा जास्त लागायला लागतो.

नळ्या बदलता येतात, टर्बाइनची पाती बदलता येतात. त्यामुळे पैसा ओतायची तयारी असेल तर संच चाळिशी ओलांडून चालतो. संच मरतो तो बहुतेकदा हिशेबात मरतो: दुरुस्ती, कोळसा आणि प्रदूषण नियंत्रणाचा खर्च धरून त्याचं युनिट बाहेरच्या युनिटपेक्षा महाग पडलं, की त्याला बोलावणं येत नाही.

त्यातही एक खुबी आहे. कोळशाच्या विजेची किंमत दोन भागांत मोजतात. एक भाग यंत्र उभं ठेवण्याचा, ते चालो न चालो. दुसरा इंधनाचा, जेवढं चालेल तेवढा. जुन्या संचाचं कर्ज फिटलेलं असल्याने पहिला भाग लहान असतो, म्हणून कागदावर तो स्वस्त दिसतो. ‘फुकटात मिळालेलं यंत्र कशाला मोडता?’ हा युक्तिवाद इथूनच येतो. माझ्या मते तो अर्धवट आहे. शेजारच्या वस्तीतल्या खोकल्याचा खर्च यातल्या कुठल्याच भागात धरलेला नाही.

मग चाळिशी उलटलेला संच अजून का चालतो?

कारण मुंबईला बाहेरून हवी तेवढी वीज आत आणता येत नव्हती. उन्हाळ्यात शहराची मागणी चार हजार मेगावॉटच्या पुढे जाते. ट्रॉम्बे, टाटांची जलविद्युत आणि डहाणूचं ५०० मेगावॉटचं केंद्र, जे मुख्यतः उपनगरांसाठी उभं राहिलं, हे सगळं पूर्ण ताकदीने चाललं तरी बेरीज जेमतेम १,९०० मेगावॉटच्या आसपास जाते. उरलेली वीज बाहेरून येते. ती येते उच्च दाबाच्या वाहिन्यांमधून, कळवा, खारघर अशा बाजूंनी. प्रत्येक वाहिनीची मर्यादा ठरलेली. देशात वीज मुबलक असली, रात्री पवनचक्क्या फिरत असल्या, राजस्थानात ऊन सांडत असलं, तरी दारातून मावेल तेवढंच आत येणार.

मग वाहिन्या वाढवा ना! इथे मुंबईचा भूगोल आडवा येतो. तीन बाजूंना पाणी. उत्तरेला राष्ट्रीय उद्यान, पूर्वेला खाडी, कांदळवन, मिठागरं. उरलेल्या जागेत माणसं. एक मनोरा उभा करायला वनखातं, किनारा नियमन, महापालिका, रेल्वे, न्यायालय असा सगळा फेरा. खारघर ते विक्रोळी ही ४०० केव्हीची, म्हणजे चार लाख व्होल्ट दाबाची, वाहिनी वर्षानुवर्षं रखडली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिने सुमारे १,००० मेगावॉट जादा वीज आणायची सोय झाली. दुसरी वाट पालघर जिल्ह्यातल्या कुडूसहून आरेपर्यंतची, तीही १,००० मेगावॉटची. तिचा बराचसा भाग जमिनीखालून आहे, कारण वर जागाच नाही.

या दोन वाहिन्यांची बेरीज ट्रॉम्बेच्या दोन्ही कोळसा संचांच्या अडीचपटीहून जास्त होते. म्हणूनच बंद करण्याची चर्चा आज खरी वाटते. दहा वर्षांपूर्वी ती नुसती इच्छा होती.

तरीही मुदतवाढ मिळत राहते. विजेचे दर आणि करार ठरवणाऱ्या राज्य नियामक आयोगापुढे वीज खरेदीच्या कराराची मुदत संपायला आली की पुढची काही वर्षं मागितली जातात. मागणी वाढतेच आहे: एसी, मेट्रो, आणि गेल्या काही वर्षांत डेटा सेंटर. ऐरोली, महापे, चांदिवली, पवई या पट्ट्यात देशातल्या डेटा सेंटरांचा सर्वात मोठा वाटा आहे, आणि ती दिवसरात्र सारखी वीज ओढतात. दिल्लीचं धोरणही सावध आहे. २०३० पर्यंत औष्णिक संच निवृत्त करू नका, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये देशभरच्या कंपन्यांना कळवलं होतं. त्याच प्राधिकरणाच्या आधीच्या आराखड्यांत जुने संच निवृत्त करण्याची गणितं होती, हे जाता जाता.

१२ ऑक्टोबर २०२०

त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई ठप्प झाली. कोविडचे दिवस. लोकल रुळांवर थांबल्या, ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या, रुग्णालयं जनरेटरवर गेली. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक बाद झाल्या आणि उरलेल्यांवर भार पडून त्याही सुटल्या.

अशा वेळेसाठी मुंबईकडे एक जुनी सोय आहे, ‘आयलँडिंग’. बाहेरचं जाळं कोसळायला लागलं की शहराने स्वतःला त्यापासून तोडून घ्यायचं आणि आतल्या केंद्रांच्या बळावर तग धरायचा. गेल्या काही दशकांत या सोयीने मुंबईला अनेकदा वाचवलं. त्या दिवशी ती फसली: आतली निर्मिती मागणीच्या मानाने तोकडी पडली आणि आतले संचही बंद पडले.

या घटनेतून लोकांनी नेमका उलट धडा घेतला असं मला वाटतं. ‘बघा, शहरात कोळशाचं केंद्र हवंच,’ असं म्हटलं गेलं. पण त्या दिवशी ट्रॉम्बे होतंच की! वाहिन्या कमी, त्या बहुतेक एकाच बाजूने येणाऱ्या, आणि एक दुरुस्तीला घेतली की बाकीच्यांवर ताण, हे मूळ दुखणं होतं. आतली निर्मिती हवी हे खरं. ती कोळशाचीच हवी हे त्यातून सिद्ध होत नाही.

‘आता सोलर आहे, मग कोळसा कशाला?’

दुपारपुरतं हे बरोबर आहे. मुंबईची मागणी मे महिन्यात भर दुपारी, एसी धडाडत असताना टोक गाठते आणि तेव्हाच ऊनही असतं. पण मे आणि ऑक्टोबरच्या दमट रात्री मागणी फारशी उतरत नाही. तेव्हा ऊन नसतं.

‘मग दिवसा कोळसा बंद ठेवा, संध्याकाळी लावा.’ औष्णिक संच असा लावता-काढता येत नाही. पूर्ण निवलेली भट्टी पुन्हा ताकदीवर यायला अनेक तास जातात, सुरुवातीला तेल जाळावं लागतं आणि प्रत्येक तापण्या-निवण्यात नळ्यांचं आयुष्य कमी होतं. फार खाली आणूनही चालवता येत नाही. सध्याच्या नियमांप्रमाणे संच ५५ टक्क्यांपर्यंत उतरवता यायला हवा. त्याखाली ज्वाला अस्थिर होते. म्हणजे संध्याकाळच्या चार तासांसाठी जो संच हवा, तो दुपारीही अर्ध्या ताकदीने धूर काढत बसतो.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. विजेच्या जाळ्याचा ठोका सेकंदाला ५० असा राखावा लागतो. तो फार घसरला तर यंत्रं स्वतःला वाचवायला बंद होतात. जड दगडाचं जातं आठवा. दळणाऱ्या बाईचा हात क्षणभर ढिला पडला तरी पाळू आपल्या वजनाने फिरत राहते आणि तिला खुंटा पुन्हा नीट धरायला उसंत मिळते. टर्बाइन आणि जनरेटरचे शेकडो टनांचे फिरते भाग जाळ्याला अशीच उसंत देतात. कुठे वाहिनी तुटली तर पहिले काही सेकंद हे वजनच सावरून धरतं. सोलर पॅनेलमध्ये फिरणारं काही नसतं, म्हणून ते हे काम आपोआप करत नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते हवेतले नाहीत. बॅटऱ्या सेकंदाच्या अंशात वीज सोडू शकतात. जुन्या केंद्राचा जनरेटर कोळशाविना, जाळ्याच्याच विजेवर नुसता फिरता ठेवता येतो. वजन तेच, धूर नाही. भिऱ्याला रिकाम्या वेळी पाणी वर चढवून गरजेच्या वेळी खाली सोडणारा १५० मेगावॉटचा संच आहेच. २०२५ मध्ये मुंबईत दहा ठिकाणी मिळून १०० मेगावॉटच्या बॅटऱ्या बसवायला नियामक आयोगाने मान्यता दिली. चार हजारांच्या मागणीपुढे शंभर म्हणजे फार नाही. दिशा मात्र बरोबर आहे.

‘इथला धूर चंद्रपूरला पाठवणार, एवढंच ना?’

मला हा सगळ्यात जड आक्षेप वाटतो. ट्रॉम्बे बंद करून तीच वीज विदर्भातल्या कोळशाच्या केंद्रातून आणली तर मुंबईची हवा सुधारेल आणि चंद्रपूर, कोराडीची बिघडेल. तापमानवाढीच्या दृष्टीने शून्य फायदा, उलट तिकडच्या कोळशात राख जास्त.

मुंबईला ही सवय जुनी आहे. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचं धरण झालं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या आणि १९२१ पासून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. डहाणूचं केंद्र उभं राहिलं ते चिकूच्या बागांच्या आणि आदिवासी पाड्यांच्या मुलखात. १९९१ साली केंद्र सरकारनेच तो तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलेला. तिथे लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं आणि त्याच्या रेट्यामुळे चिमणीतला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा आली. देशातल्या बहुतेक केंद्रांत ती आजही नाही. २०१५ मध्ये तिची सक्ती करणारे नियम आले, मुदती पुढे ढकलल्या गेल्या आणि २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना सूटच देण्यात आली. ट्रॉम्बेच्या कोळसा संचांना अशी समुद्राच्या पाण्यावर चालणारी यंत्रणा आहे, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

म्हणून ‘बंद’ या शब्दाबरोबर ‘त्याऐवजी काय’ हे लिहिलेलं नसेल तर ती घोषणा नुसती धुराची बदली ठरते.

केंद्राशेजारच्या माहुल गावातल्या लोकांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कोळसा थांबल्याने तिथली हवा सुधारेल, पण पूर्ण स्वच्छ होणार नाही. आजूबाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, खत कारखाना, रसायनांच्या टाक्या आहेत. हरित लवादापुढे माहुल-आंबापाडा गावकऱ्यांचं जे प्रकरण अनेक वर्षं चाललं, त्यातला मुख्य मुद्दा तेला-रसायनांच्या वाफांचा होता. कोळशाला एकट्याला आरोपी केलं की बाकीचे सुटतात.

बंद झाल्यावर काय उरतं?

ब्रिटनने शेवटचं कोळसा केंद्र, नॉटिंगहॅमजवळचं रॅटक्लिफ, ३० सप्टेंबर २०२४ ला बंद केलं. १८८२ साली लंडनमध्ये सुरू झालेली कोळशाची वीज १४२ वर्षांनी संपली. २०१२ मध्ये त्यांची सुमारे चाळीस टक्के वीज कोळशाची होती. (अर्थात या उतरणीत त्यांनी भरपूर गॅसही जाळला, तो त्यांच्याकडे होता.) बंद होण्याची तारीख आधीपासून माहीत असल्याने कामगारांना पुढची नोकरी शोधायला आणि नवं काम शिकायला वेळ मिळाला. दिल्लीचं ७०५ मेगावॉटचं बदरपूर ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झालं, तेही आधी हिवाळ्यापुरतं थांबवत थांबवत.

आपल्याकडे तारीख ठरत नाही, तिथेच कामगार अडकतो. कायम नोकरीतला अभियंता कंपनीच्या दुसऱ्या केंद्रात जातो. कोळसा उतरवणारे, पट्ट्यांवर साफसफाई करणारे, राख भरणारे लोक ठेकेदाराचे असतात. दर पाच वर्षांच्या मुदतवाढीवर त्यांचंही आयुष्य पाच वर्षांनी पुढे सरकतं, आणि बंद करायचं ठरेल त्या दिवशी त्यांना सांगायला कुणी बांधील नसतं.

केंद्र थांबल्यावर खरं मोडकाम सुरू होतं. टाक्यांमधली तेलं, रसायनं काढायची. जुन्या बॉयलरांच्या वेष्टनात अॅस्बेस्टॉस असतो. तो तोंड झाकून, ओला करून, पिशव्यांत बंद करून न्यावा लागतो, नाहीतर मोडणाऱ्याच्याच फुप्फुसात जातो. शेजारी वस्ती असेल तर चिमणी सुरुंगाने पाडता येत नाही, वरून खाली थोडी थोडी उतरवावी लागते. माती आणि राखेच्या साठ्यांची तपासणी करायची. स्वीचयार्ड, म्हणजे जिथून वीज बाहेर पडते ते आवार, मात्र मोडायचं नाही. शहराच्या मध्यात उच्च दाबाच्या वाहिन्यांना जोडलेली ती जागा बॅटऱ्यांसाठी तयारच असते.

सगळं इतक्या नीट होईलच असं नाही. ठाकुर्लीचं रेल्वेचं चोळे पॉवर हाऊस कोळशावर चालायचं. १९२९ मध्ये सुरू झालेलं ते केंद्र ऐंशीच्या दशकात बंद झालं. तिथे गॅसवर नवं केंद्र उभारायच्या घोषणा झाल्या, केंद्र झालं नाही.

मोडकामाचा खर्च कुणी करायचा, हे तर आधी कुठे लिहिलेलंच नसतं. अणुवीज केंद्रांच्या बाबतीत प्रत्येक युनिटमागे दोन पैसे पुढच्या मोडकामासाठी बाजूला काढले जातात. तारापूरच्या विजेतून ते निघतात. कोळशाच्या युनिटमागे असा एकही पैसा निघत नाही. भंगार विकून जे येईल ते येईल, आणि समुद्राकाठच्या त्या जमिनीला मुंबईत काय भाव आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. जमीन विकायची घाई आणि माती तपासायची टाळाटाळ, या दोन्ही गोष्टी तिथे एकदमच येणार. कोळसा बंद करण्याच्या आदेशात माती तपासण्याची अट आहे का, आणि तिचे पैसे आधीच बाजूला काढलेत का, हे वाचायची तसदी चेंबूर-माहुलच्या रहिवाशांनी त्याच दिवशी घ्यावी लागेल.